रोलप्लेच्या उत्तरांची थकबाकी: डिस्कॉर्ड कितपत सांभाळतं?

रोलप्लेत, म्हणजे पात्रं घेऊन आळीपाळीने कथा लिहिण्यात, पाच-सहा सीन चालू असेपर्यंत कुठे कुणाला उत्तर द्यायचंय हे डोक्यात राहतं. दहाच्या वर गेले की राहत नाही. मग एखादा सहलेखक तीन आठवडे खोळंबून बसतो, विचारायला संकोचतो आणि शेवटी दुसरीकडे लिहायला लागतो. टर्न आपलाच होता हे लक्षात येईपर्यंत सीन थंड झालेला असतो.

हे परीक्षण डिस्कॉर्ड या गटागटाने गप्पा मारायच्या ॲपचं आहे, पण एकाच कसोटीवर: ज्यांना पात्रं घेऊन आळीपाळीने लांब उत्तरं लिहायची आहेत, त्यांना आपली थकलेली उत्तरं या ॲपमध्ये नीट सांभाळता येतात का? व्हॉइस, स्ट्रीमिंग, गेम यांचा इथे संबंध नाही. टपरबॉक्स आणि प्लुरलकिट हे पात्राच्या नावाने निरोप टाकणारे दोन बॉट मात्र येणार, कारण रोलप्लेच्या बहुतेक सर्व्हरवर (डिस्कॉर्डवरच्या गटाच्या जागेवर) यांपैकी एक असतोच.

निकाल आधीच सांगतो. दोघांमधला, दिवसाआड चालणारा सीन असेल तर ५ पैकी ४ गुण. आठवड्या-दहा दिवसांनी एक लांब उत्तर अशी चाल असेल तर ५ पैकी २. सोबत टर्नच्या नोंदीची एक शीट ठेवली आणि फोरम चॅनेल नीट लावलं, तर तेच साडेतीनपर्यंत जातं.

मुळात कुठे अडतं

डिस्कॉर्डला ‘न वाचलेलं’ कळतं. ‘उत्तर द्यायचं राहिलेलं’ कळत नाही. चॅनेलचं नाव ठळक होतं, शेजारी पांढरा ठिपका येतो, कुणी नावाने हाक मारली असेल तर लाल आकडा येतो. बसमध्ये उभ्या उभ्या तुम्ही एखाद्या सीनचा थ्रेड (चॅनेलच्या आतला स्वतंत्र संवाद) उघडता, सहलेखकाचं उत्तर वाचता, छान वाटतं, रात्री निवांत लिहू असं ठरवता. त्या क्षणी ठिपका गेलेला असतो. आता त्या ॲपमध्ये तुमची थकबाकी सांगणारी कुठलीच खूण उरलेली नाही. जो लेखक उत्साहाने लगेच वाचतो त्याचंच देणं आधी दिसेनासं होतं, ही या रचनेतली खरी उणीव आहे.

यावर ॲपमध्येच एक तोडगा आहे, तो जरूर वापरा. निरोपावर उजवी क्लिक करून किंवा मोबाईलवर बोट दाबून धरून ‘मार्क अनरीड’ निवडता येतं. कॉम्प्युटरवर ऑल्ट धरून निरोपावर क्लिक केलं तरी तेच होतं. तिथपासून पुढचं सगळं पुन्हा न वाचलेलं ठरतं. पण ही खूण फार नाजूक आहे. थ्रेड पुन्हा उघडून तळापर्यंत गेलात की ती परत पुसली जाते. एस्केप दाबलं की समोरचं चॅनेल वाचलेलं ठरतं आणि शिफ्ट-एस्केप दाबलं की अख्खा सर्व्हर. शंभर गप्पांचे ठिपके घालवायला लोक सवयीने शिफ्ट-एस्केप दाबतात आणि जपून ठेवलेल्या सातआठ खुणाही त्यासोबत जातात. परत आणायची सोय नाही. इनबॉक्सवरही भिस्त ठेवू नका. त्यातल्या ‘मेन्शन्स’मध्ये फक्त गेल्या ७ दिवसांतल्या हाका दिसतात, आठव्या दिवशी हाक तिथून गेलेली असते.

थ्रेड आणि सात दिवसांची अडचण

डिस्कॉर्डवर थ्रेड २०२१ च्या जुलैत आले आणि फोरम चॅनेल २०२२ च्या सप्टेंबरात. त्याआधी रोलप्ले सर्व्हरवर प्रत्येक जागेचं एक चॅनेल असायचं, चावडी, बाजार, राजवाडा वगैरे, आणि एका जोडीचा सीन संपेपर्यंत दुसऱ्या जोडीला थांबावं लागायचं. थ्रेडमुळे तो गुंता सुटला. फोरम चॅनेलमध्ये तर प्रत्येक सीन म्हणजे स्वतंत्र पोस्ट, तिला स्वतःचं नाव आणि टॅग. लांब लिहिणाऱ्यांसाठी डिस्कॉर्डने दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. नवा सर्व्हर काढत असाल तर साधं टेक्स्ट चॅनेल आणि त्यात थ्रेड असं करू नका, सरळ फोरम घ्या. चॅनेल बनवताना फोरमचा पर्याय दिसत नसेल तर सर्व्हर सेटिंगमध्ये ‘कम्युनिटी’ चालू आहे का ते आधी पाहा.

आता अडचण. थ्रेडमध्ये काही काळ नवा निरोप आला नाही की तो आपोआप आर्काइव्ह होतो. हा काळ १ तास, २४ तास, ३ दिवस किंवा १ आठवडा एवढाच निवडता येतो. आठवड्याच्या पुढे पर्याय नाही. आर्काइव्ह झालेला थ्रेड डाव्या बाजूच्या यादीतून उतरतो आणि फोरममध्ये खाली ‘ओल्डर पोस्ट्स’मध्ये जातो. मजकूर सुरक्षित असतो, थ्रेडला कुलूप नसेल तर त्यात नवा निरोप टाकला की तो पुन्हा वर येतो. म्हणजे काही हरवत नाही. पण ज्या सीनला उत्तर द्यायला नऊ दिवस लागलेत, तोच सीन सातव्या दिवशी नजरेआड होतो. ज्याची आठवण सगळ्यांत जास्त हवी तोच आधी लपतो.

म्हणून फोरमच्या सेटिंगमध्ये निष्क्रियतेनंतर लपवण्याची मुदत १ आठवड्यावर ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती ३ दिवसांवर असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पोस्टची क्रमवारी ‘रीसेंट ॲक्टिव्हिटी’वर ठेवा. सीन जिवंत ठेवायला कुणी त्यात नुसता ठिपका टाकून जातो, ते टाळा. थ्रेड वर येतो खरा, पण शेवटचा निरोप आता ठिपका असतो आणि टर्न कुणाचा हे पाहायला प्रत्येकाला वर सरकावं लागतं. ‘उद्या नक्की लिहिते’ हा निरोपही सीनच्या थ्रेडमध्ये टाकू नये, याच कारणाने. पात्राबाहेरच्या गप्पांना वेगळं चॅनेल ठेवा. सीनमध्ये शेवटचा निरोप नेहमी कथेतलाच असेल एवढा एक नियम पाळला तरी निम्मी शोधाशोध वाचते.

एका सर्व्हरवर एकाच वेळी १००० थ्रेड सक्रिय राहू शकतात. ही मर्यादा लहान-मध्यम सर्व्हरला कधी आडवी येत नाही.

टॅग: उत्तम सोय, पण परवानगीची गाठ

एका फोरममध्ये २० टॅग बनवता येतात आणि एका पोस्टला त्यांतले ५ लावता येतात. जागेनुसार, ऋतूनुसार टॅग करण्यापेक्षा स्थितीनुसार करा: ‘चालू’, ‘थांबवलेला’, ‘संपलेला’, ‘नवीन पात्र चालेल’. दोघांच्या सीनमध्ये ‘सुरू करणाऱ्याचा टर्न’ आणि ‘जोडीदाराचा टर्न’ असे आणखी दोन टॅग केले की फोरम चाळून आपली थकबाकी एका नजरेत दिसते.

ऐकायला हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात अडकतं. पोस्टचे टॅग बदलायचा हक्क पोस्ट सुरू करणाऱ्याला आणि ‘मॅनेज थ्रेड्स’ परवानगी असणाऱ्याला असतो. जोडीदाराला नसतो. त्यामुळे त्याने उत्तर टाकलं तरी टॅग ‘जोडीदाराचा टर्न’ असाच राहतो आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात. सगळ्यांना ‘मॅनेज थ्रेड्स’ देऊन टाकावी तर त्यातच दुसऱ्यांचे थ्रेड बंद करण्याची आणि खोडण्याचीही ताकद येते. दहाबारा ओळखीच्या लेखकांच्या सर्व्हरवर, फक्त त्या एका फोरमपुरती ही परवानगी द्यायला हरकत नाही. अनोळखी लोक येत असतील तर टर्नचे टॅग ठेवूच नका. चुकीचा टॅग हा टॅग नसण्यापेक्षा वाईट. तिथे टॅग सीनच्या स्थितीपुरते ठेवा आणि टर्नचा हिशेब शीटवर न्या.

२००० अक्षरं म्हणजे मराठीत किती?

फुकट खात्यावर एका निरोपाची मर्यादा २००० अक्षरं, नायट्रो ही पैसे भरून मिळणारी वर्गणी घेतली तर ४०००. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे थोडं थांबून पाहावं, कारण डिस्कॉर्ड अक्षर मोजतं ते आपल्यासारखं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त हे प्रत्येकी एक धरलं जातं. ‘स्वातंत्र्य’ डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द. डिस्कॉर्डच्या लेखी तो असा: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. अकरा. ‘प्रतिक्रिया’ही अकराच. त्यामुळे इंग्रजीत एका निरोपात साधारण ३५० शब्द बसतात तिथे मराठीत पावणेतीनशे ते तीनशे धरून चालावं. पाचशे शब्दांचं उत्तर म्हणजे दोन निरोप हे गृहीतच धरा.

मर्यादेपेक्षा मोठा मजकूर पेस्ट केला की डिस्कॉर्ड त्याची टेक्स्ट फाइल करून जोडायला बघतं. रोलप्लेमध्ये अशी फाइल टाकू नये. मोबाईलवर वाचणाऱ्याला ती वेगळी उघडावी लागते आणि मजकुराचा सलगपणा जातो. उत्तर परिच्छेदाच्या शेवटी तोडा, वाक्याच्या मध्ये नाही. पहिल्या तुकड्याच्या शेवटी ‘(पुढे)’ एवढं लिहा, नाहीतर तुम्ही दुसरा तुकडा पेस्ट करताय तोवर समोरचा उत्तर द्यायला सुरुवात करतो.

लिहायचं मात्र दुसरीकडेच, नोट्समध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये. कॉम्प्युटरवर डिस्कॉर्डमध्ये एंटर दाबलं की निरोप जातो, नवी ओळ शिफ्ट-एंटरने होते. एका चुकीच्या एंटरने अर्धवट उत्तर सगळ्यांच्या फोनवर पोचतं. शिवाय खिडकीत अर्धवट राहिलेला मजकूर त्याच उपकरणावर राहतो. मोबाईलवर सुरू केलेलं लॅपटॉपवर सापडत नाही.

टपरबॉक्स, प्लुरलकिट आणि न पोचणारी हाक

पात्राच्या नावाने आणि चित्राने निरोप दिसावा म्हणून हे बॉट वापरतात. काम असं चालतं: तुम्ही ठरवलेल्या खुणेसह मजकूर टाकता, बॉट तुमचा मूळ निरोप खोडतो आणि तोच मजकूर वेबहुकवरून (बाहेरच्या प्रोग्रॅमला चॅनेलमध्ये निरोप टाकू देणारी सोय) पात्राच्या नावाने पुन्हा टाकतो. यासाठी बॉटला ‘मॅनेज वेबहुक्स’ आणि ‘मॅनेज मेसेजेस’ या दोन्ही परवानग्या लागतात. दुसरी नसेल तर मूळ निरोप खोडला जात नाही आणि उत्तर दोनदा दिसू शकतं. नव्या सर्व्हरवर सगळ्यांत जास्त येणारी तक्रार हीच, आणि इलाज एवढाच.

दिसायला फार सुंदर. उत्तरांचा माग ठेवण्याच्या दृष्टीने मात्र यातून चार गोष्टी बिघडतात. पात्राच्या निरोपाला ‘रिप्लाय’ दिला तरी त्यामागच्या माणसाला हाक जात नाही, कारण डिस्कॉर्डच्या दृष्टीने तो निरोप माणसाचा नाहीच. दुसरं, सर्चमध्ये ‘अमुककडून’ अशी चाळणी लावून आपलं शेवटचं उत्तर शोधू गेलात तर प्रॉक्सी झालेलं, म्हणजे बॉटने पात्राच्या नावाने टाकलेलं, काहीच सापडत नाही. तिसरं, नायट्रोची ४००० ची सवलत इथे उपयोगाची नाही. वेबहुकची मर्यादा २००० च आहे. निव्वळ लांब उत्तरांसाठी नायट्रोचे पैसे भरायचा विचार असेल आणि सर्व्हरवर प्रॉक्सी बॉट असेल तर भरू नका. चौथं, ऑटोप्रॉक्सी (खूण न लावताही निरोप पात्राच्या नावाने टाकणारी सोय) चालू राहिली की ‘आज बरं नाही, उद्या लिहितो’ हा तुमचा निरोप तुमच्या सेनापती या पात्राच्या तोंडून जातो.

पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे: उत्तराच्या शेवटी, किंवा गप्पांच्या चॅनेलमध्ये थ्रेडची लिंक देऊन, पुढच्या टर्नच्या माणसाला नावाने हाक मारायची. आधी पाठवून नंतर एडिट करून नाव घातलं तर हाक जात नाही, तेव्हा पहिल्याच फटक्यात घाला. प्लुरलकिटमध्ये आणखी एक सोय आहे. पात्राच्या निरोपावर घंटेची इमोजी दिली की बॉट त्यामागच्या माणसाला हाक मारतो. प्लुरलकिट मुळात रोलप्लेसाठी बनवलेलं नाही. एका देहात अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या लोकांना आपापल्या नावाने बोलता यावं म्हणून ते आहे. त्या लोकांच्या सर्व्हरवर त्याचा वापर करताना तेवढं भान ठेवावं.

नोटिफिकेशन

सगळे सर्व्हर ‘ओन्ली मेन्शन्स’वर ठेवा आणि ज्या सीनमध्ये तुम्ही लिहिताय त्या प्रत्येक थ्रेडची घंटा स्वतंत्रपणे ‘ऑल मेसेजेस’वर करा. थ्रेडपाठीमागे काही सेकंदांचं काम आहे, पण नवा सीन सुरू झाला की लगेच करायचं. फोनवर उशिरा नोटिफिकेशन येत असतील तर कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये ‘पुश नोटिफिकेशन इनॲक्टिव्ह टाइमआउट’ बघा. कॉम्प्युटर चालू असताना फोनला कळवायला किती मिनिटं थांबायचं ते त्यात ठरतं. ते १ मिनिटावर आणा.

सहलेखक परदेशी असतील तर मुदतीचा घोळ हमखास होतो. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. ‘रविवारी रात्रीपर्यंत’ म्हणजे कुणाची रात्र? डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प कोड वापरून मुदत लिहिली की प्रत्येकाला ती आपापल्या वेळेत दिसते. असा कोड बनवून देणारी साधनं सहज मिळतात. इतर बाबतीत मी डिस्कॉर्डला गुण कापले असले तरी या एका सोयीला पूर्ण गुण.

शीट: जी गोष्ट डिस्कॉर्ड करत नाही

सीन आठच्या वर गेले की शीट हवीच. गूगल शीट्समध्ये एक पान आणि सात रकाने पुरतात: सीनचं नाव, शेवटच्या उत्तराची लिंक, माझं पात्र, सोबत कोण, शेवटच्या उत्तराची तारीख, टर्न कुणाचा, किती दिवस झाले. लिंक थ्रेडची नको, शेवटच्या निरोपाची हवी. निरोपाच्या मेन्यूत ‘कॉपी मेसेज लिंक’ मिळतं. त्यावर क्लिक केलं की नेमक्या त्या जागी जाता येतं, थ्रेड आर्काइव्ह झालेला असला तरी.

एक ओळ अशी दिसते: ‘खाडीवरचा पूल’, लिंक, नाखवा, दोघं जण, ३ मार्च, माझा, ११. एवढं वाचलं की पुरे. वर्णन, मूड, पुढचं कथानक असले रकाने वाढवले की शीट भरायचाच कंटाळा येतो आणि महिन्याभरात ती बंद पडते.

‘किती दिवस’ या रकान्यात आजच्या तारखेतून शेवटच्या उत्तराची तारीख वजा करणारं सूत्र घालायचं, आणि ते टर्न ‘माझा’ असेल तेव्हाच दिसावं अशी अट. कंडिशनल फॉरमॅटिंगने ७ दिवसांवर पिवळा, १४ वर लाल. इथे दोन चुका फार होतात. पहिली: शेवटच्या उत्तराच्या तारखेतच ‘टुडे’ हे फंक्शन टाकणं. मग ती तारीख रोज पुढे सरकते, फरक कायम शून्य येतो आणि शीट महिनाभर सांगत राहते की काहीच थकलेलं नाही. तिथे कंट्रोल आणि अर्धविराम दाबून त्या दिवसाची पक्की तारीख टाकायची. दुसरी चूक लोकॅलची. शीट अमेरिकन मांडणीत असेल तर ५/३ म्हणजे ३ मे धरला जातो आणि वजाबाकी उणे येते. १३/५ ही तर तारीखच धरली जात नाही, तो मजकूर होऊन रकान्यात डावीकडे चिकटतो आणि सूत्र चूक दाखवतं. फाइलच्या सेटिंगमध्ये लोकॅल ‘इंडिया’ करा आणि मगच तारखा भरा. शीट गटात वाटलेली असेल तर साधं फिल्टर न लावता ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा, नाहीतर तुम्ही आपली थकबाकी पाहताना बाकीच्यांच्या ओळी त्यांच्यासमोरून नाहीशा होतात.

भरायच्या वेळा दोनच: उत्तर पाठवल्यावर लगेच, आणि दुसऱ्याचं उत्तर वाचल्यावर लगेच. दुसरी वेळ पाळणं अवघड असतं, पण तेच महत्त्वाचं, कारण वाचलं की डिस्कॉर्डची खूण गेलेली असते. मोबाईलवर शीट भरणं जड वाटत असेल तर फक्त स्वतःपुरता एक सर्व्हर काढा, त्यात ‘थकलेली’ नावाचं चॅनेल ठेवा आणि वाचताक्षणी निरोपाची लिंक तिथे टाका. रात्री शीट भरताना तिथल्या लिंका एकेक करून खोडायच्या.

किती सीन घ्यावेत आणि आधी कुणाला लिहावं

चौघांचा सीन, प्रत्येकाला ७२ तासांची मुदत, मुदत टळली की टर्न पुढे, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. म्हणजे एक फेरी जास्तीत जास्त १२ दिवसांची. या काळात थ्रेडचा ठिपका तीनदा पेटतो आणि त्यातल्या शेवटच्याच वेळी तुमचा टर्न असतो. दोन वेळा उघडून ‘आपला नाही’ म्हणून बंद केलं की तिसऱ्या वेळीही तसंच होतं. म्हणून गटाच्या सीनमध्ये टर्नचा क्रम थ्रेडच्या पहिल्या निरोपात लिहून तो पिन करावा, आणि हाक मारायचा नियम दोघांच्या सीनपेक्षा इथे जास्त कडक ठेवावा.

तीनशे-चारशे शब्दांच्या उत्तराला, मागचं वाचून घेण्यासकट, पाऊण तास धरा. बारा सीनना आठवड्याला एकेक उत्तर म्हणजे नऊ तास. एवढा वेळ आठवड्यात निघतो का हे तेरावा सीन घेण्याआधी पाहायचं असतं. शीटचा हा फायदा लोकांच्या उशिरा लक्षात येतो: लाल ओळी तीनपेक्षा जास्त असताना नवीन काही घ्यायचं नाही, असं ठरवता येतं.

क्रम लावताना नुसत्या जुन्या तारखेवर जाऊ नका. किती माणसं खोळंबली आहेत ते आधी बघा. चौघांच्या सीनमध्ये तुमच्यासाठी तिघं थांबलेली असतात, तेव्हा तिथलं चार दिवसांचं उत्तर दोघांच्या सीनमधल्या आठ दिवसांच्या उत्तराआधी जावं. त्यानंतर तारखेप्रमाणे. खूप दिवस थकलेल्या उत्तराचं दडपण येतं आणि ते फेडायला जास्त लांब, जास्त सुंदर लिहावं असं वाटून ते आणखी लांबतं. तिथे दीडशे शब्द पुरतात. एक कृती, एक संवाद आणि समोरच्याला धरायला एक धागा: नाखवा दिवा खाली ठेवतो, ‘कोण आहे तिथे?’ विचारतो, आणि पुलाच्या फळीखालून ओला हात वर येतो. जोडीदाराला तेवढ्यावर पुढे लिहिता येतं.

महिन्याभराच्या खंडानंतर परत येताना आधी काहीच वाचू नका. प्रत्येक सर्व्हरच्या फोरममध्ये जाऊन आपल्या सीनच्या शेवटच्या निरोपाच्या लिंका शीटमध्ये घ्या, ‘ओल्डर पोस्ट्स’ही तपासा, कारण बहुतेक सीन तिथेच गेलेले असणार. मग गप्पांच्या चॅनेलमध्ये प्रत्येक सहलेखकाला दोन ओळी: ‘परत आले आहे. पुलाचा सीन पुढे न्यायचाय, रविवारपर्यंत लिहिते. तुला अजून रस आहे ना?’ लांबलचक माफी नको, ती वाचून समोरच्याला उलट तुमचीच समजूत काढावी लागते. जे सीन पुढे न्यायचे नाहीत ते स्पष्ट सांगून ‘संपलेला’ टॅग लावा. अर्धवट लोंबकळत ठेवण्यापेक्षा समोरच्याला ते केव्हाही बरं.

आठवण करून द्यायची असेल तर ठरलेली मुदत उलटल्यावर एकदा, गप्पांच्या चॅनेलमध्ये किंवा खाजगीत. सीनच्या थ्रेडमध्ये नको, आणि सगळ्यांसमोर ‘कुठे आहेस?’ असं तर नकोच.

डिस्कॉर्ड सोडून

उत्तरांचा माग हीच मुख्य गरज असेल आणि लगबग नको असेल तर ड्रीमविड्थ ही ब्लॉगची साइट अजूनही डिस्कॉर्डपेक्षा सरस आहे. ती २००९ मध्ये सुरू झाली, लाइव्हजर्नल या तिच्याआधीच्या ब्लॉग साइटवरची रोलप्लेची बरीच मंडळी तिथे गेली. प्रत्येक पात्राचं वेगळं खातं, सीन म्हणजे एका नोंदीखालच्या टिप्पण्यांची साखळी, आणि तुमच्या टिप्पणीला उत्तर आलं की त्या मजकुरासकट ईमेल येतं. ते ईमेल तुम्ही हलवेपर्यंत इनबॉक्समध्ये राहतं. वाचलं तरी राहतं. उत्तर दिलं की आर्काइव्ह करायचं, बस. शीटची गरजच पडत नाही. पात्राच्या नावाने ईमेलला लेबल लावलं की काम आणखी सोपं. निरोपाची मर्यादाही डिस्कॉर्डपेक्षा कितीतरी मोठी. अडचण अशी की पात्र बदलताना खातं बदलावं लागतं, मोबाईलवर वावर जुनाट वाटतो, आणि नवे लेखक तिथे सहसा येत नाहीत. माणसं डिस्कॉर्डवर आहेत, म्हणून बहुतेकांना डिस्कॉर्डवरच लिहावं लागतं.

तिथेच लिहायचं तर प्रती स्वतःकडे ठेवा. डिस्कॉर्डकडे तुमचा डेटा मागता येतो आणि तो मिळायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात, पण त्यात तुमच्या खात्यावरून गेलेले निरोप असतात. बॉटने पात्राच्या नावाने टाकलेले निरोप वेबहुकच्या नावावर असतात आणि सहलेखकाचा मजकूर तर तुमचा नसतोच. सर्व्हरच्या मालकाने सर्व्हर खोडला की थ्रेडही गेले. उत्तर गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर तुमची बाजू आपोआप राहते. प्रत्येक उत्तर लिहायला बसताना समोरच्याचं शेवटचं उत्तर त्याच डॉक्समध्ये वर पेस्ट करून घेतलं की अख्खा सीन क्रमाने जमत जातो, आणि लिहिताना पुन्हा पुन्हा थ्रेडकडे जावं लागत नाही.